पऱ्यानं नेलीन

रत्नागिरी जिल्ह्यात मी दोनदा गेलो. पहिल्यांदा चोविसाव्या वर्षी, मार्च महिन्यात, एका अमेरिकन लेखिकेचा दुभाषा म्हणून. दुसऱ्यांदा यंदा श्रावणात, एकटा. पहिल्या प्रवासावर मी आजवर पुष्कळ बोललो आहे. व्याख्यानांत बोललो, मुलाखतींत बोललो, एकदा रेडिओवरही बोललो. दर वेळी एक गोष्ट वगळली. ती आधी देवरूखच्या पलीकडे एका घरी सांगायची होती आणि मग इथे लिहायची होती.

लेखिकेचं नाव नोरा. आडनाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात त्या त्र्याहत्तराव्या वर्षी गेल्या. दोन महिन्यांनी पुण्यातल्या एका प्रकाशकाचा फोन आला. "नोराबाईंची ती कादंबरी मराठीत आणायची. तुमच्याशिवाय कोण करणार?" मी हो म्हटलं. पहिल्या प्रकरणाच्या सातव्या ओळीशी येऊन थांबलो आणि चार महिने तिथेच थांबून राहिलो.

रत्नागिरी

एसटी आंबा घाट उतरली आणि हवा अंगाला चिकटली. आम्हा देशावरच्यांना पाऊस म्हणजे छत्री उघडायची आणि मिटायची गोष्ट. इथे छत्री उघडून भिजायचं असतं, हे मी विसरलो होतो. स्टँडवर उतरल्यावर पाच मिनिटांत पाठीवरची पिशवी ओली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कादंबरी, तिचा एक कोपरा फुगला.

किल्ल्याच्या बाजूला नोराबाई ज्या घरात महिनाभर राहिल्या होत्या, तिथे आता चार मजली इमारत आहे. समोरचा समुद्र मात्र तोच. श्रावणातला, गढूळ, चहात दूध जास्त पडल्यासारखा. त्या घराच्या गॅलरीत बसून बाई सकाळी सहाला लिहायला लागत आणि मी आठ वाजता डोळे चोळत येई. तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

त्यांची हकिगत त्यांनीच मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली होती. मक्याच्या शेतांचा सपाट मुलूख. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करत. आजी आयर्लंडहून आलेली. परीलोकातले लोक पाळण्यातलं मूल उचलून नेतात आणि जागी दुसरंच ठेवून जातात, अशा गोष्टी ती सांगायची. नोराबाईंनी कवितांची दोन पुस्तकं काढली. दुसऱ्याच्या न खपलेल्या प्रती त्यांच्या पलंगाखाली खोक्यांत होत्या. "मी अक्षरशः माझ्या अपयशावर झोपते," असं म्हणून त्या मोठ्यानं हसायच्या. लग्न झालं, मोडलं, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी त्या एका कॉलेजात बसड्रायव्हर, नर्स, हॉटेलातले आचारी अशा लोकांना इंग्रजी लिहायला शिकवत. त्या वर्गात रत्नागिरीकडची एक नर्स होती. तिनं गावावरच्या निबंधात लिहिलं होतं: 'आमच्याकडे दगड जमिनीतून काढतात तेव्हा मऊ असतो, वारा लागला की कडक होतो.' जांभ्याचं हे साधं वर्णन. पण नोराबाईंनी ते वाक्य वर्षभर जपलं, आणि लेखकांना मिळते तशी एक प्रवासवृत्ती मिळाल्यावर त्या वाक्याचा माग काढत त्या इथे आल्या. एका वाक्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतरही पाहिलं नाही.

त्यांना दुभाषा हवा होता. माझ्या प्राध्यापकांनी माझं नाव सुचवलं. मी म्हटलं, "मराठी ती मराठी." पुण्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य म्हणायला काहीच वाटत नाही.

रात्री खानावळीत मालकानं विचारलं, "श्रावण पाळता की खाता?"

"पाळत नाही."

"मग तुम्ही गैरसोयीचे. आम्ही पाळतो." असं म्हणून त्यानं काळ्या वाटाण्याची उसळ, टाकळ्याची भाजी आणि तांदळाची भाकरी वाढली. टाकळा हा रस्त्याकडेला उगवणारा पाला. आम्ही पुण्यात त्याला तण म्हणून उपटतो. लसूण आणि ओलं खोबरं घातलेलं ते तण मी दोनदा मागून घेतलं.

हातखंबा

दुसऱ्या दिवशी हातखंब्याला बस बदलायची होती. महामार्ग आता इतका रुंद झाला आहे की जुनी चहाची टपरी कुठे होती ते ओळखू येईना. मला ती जागा पाहायची होती. माझं जे काही बिघडलं ते तिथे बिघडलं.

त्याआधीचं सांगतो. त्या मार्चमध्ये आम्ही देवरूखच्या पलीकडे एका वाडीत गेलो होतो. कुणब्यांची वीस-पंचवीस घरं, पुरुषमंडळी बहुतेक मुंबईला. एका घराच्या ओट्यावर एक तिशीतली बाई बसली होती, पार्वती नावाची. गोरी बाई आली म्हणून जमलेल्या बायकांत ती एकटीच हसत नव्हती. नोराबाईंनी तिच्याशेजारी बसून विचारलं, "तुझी मुलं किती?"

ती म्हणाली, "एक मुलगा. आणि सुली होती. सुली पऱ्यानं नेलीन."

मी ऐकलं: पऱ्यांनी नेली.

आणि तसंच इंग्रजीत सांगितलं. नोराबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांची आजी जणू त्या ओट्यावर येऊन बसली. त्यांनी पार्वतीचा हात हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पार्वती पुढे भराभर बोलत राहिली. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, साकव. मला तो येत नव्हता. विचारायची लाज वाटली. काही विधीबिधी असेल असं समजून मी तो गाळला.

तीन दिवसांनी परतताना हातखंब्याच्या टपरीवर थांबलो. नोराबाई गाडीतच वहीत लिहीत बसल्या होत्या. तीन दिवस त्यांचा हात थांबला नव्हता. टपरीवाला कुणाला तरी सांगत होता, "पऱ्या भरला की आमचा रस्ता बंद."

मी विचारलं, "पऱ्या?"

"अवो पऱ्या! व्हाळ. तुमच्यात वढा म्हणतात तो. पावसात बगा, हत्ती नेईल."

हातात दोन चहा होते. गाडी पंधरा पावलांवर होती. मी गेलो, एक चहा त्यांना दिला. त्यांनी वर बघून विचारलं, "किती पऱ्या होत्या, विचारलंस का तू?"

मी म्हटलं, "चहा गरम आहे, सांभाळून."

एवढंच.

तीन वर्षांनी कादंबरी आली. तिच्या नावातच पऱ्या होत्या. मुलगी हरवलेली एक भोळी कोकणी बाई रोज संध्याकाळी दगडावर दूधभात ठेवते, पऱ्यांनी मुलगी परत करावी म्हणून. पुस्तक सुंदर आहे. मी आजही म्हणतो सुंदर आहे. त्या दूधभाताच्या पानाशी मी स्वतः रडलो आहे, खोटं आहे हे ठाऊक असून. नोराबाई पन्नाशीत प्रसिद्ध झाल्या. पलंगाखालची खोकी रिकामी झाली. आभाराच्या पानावर माझं नाव होतं: 'ज्यानं मला शब्द दिला.' त्या ओळीवर मला पुढची वीसेक वर्षं कामं मिळाली.

त्यांनी आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीत कुणीतरी कुणालातरी नेलेलं असायचं. समीक्षक कंटाळले. बाई शेवटी कवितेकडे परतल्या. दर नाताळला मला पत्र यायचं. कादंबरीनंतर तिसऱ्या वर्षीच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं: 'ती बाई बोलताना हात जमिनीलगत सपाट फिरवत होती, खाली, वेगानं. तुमच्याकडच्या पऱ्या इतक्या खालून जातात का?'

त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि त्यांनी बरोबर ऐकलं होतं. मला मातृभाषा येत होती.

मी उत्तर लिहिलं, 'हो. आमच्याकडच्या पऱ्या उडत नाहीत, चालतात.'

पहिल्या चुकीला मी अजून अज्ञान म्हणू शकतो. या ओळीला काय म्हणू? त्यांनी ती ओळ पुढे एका कवितेत घेतली. लोकांना फार आवडते.

देवरूख आणि पुढे

अनुवाद करताना सातव्या ओळीतल्या पऱ्यांपाशी आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच लिहितात. पऱ्या. पुण्याचा वाचक परी वाचेल, संगमेश्वरचा ओढा वाचेल. मराठीत आलं की माझी चूक दिसणारच नाही. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त लिहून टाकायचं होतं. मला वाटतं त्या सोयीचीच शिसारी आली आणि मी एसटीचं तिकीट काढलं.

देवरूखच्या बाजारात रिक्षा केली. रिक्षावाले शांताराम, माझ्याच वयाचे, बोलके.

"वाडीत कुणाकडं?"

"पार्वतीकाकींकडे."

"कुठली पार्वती? दोरीवाली?"

"दोरीवाली म्हणजे?"

"म्हणजे ती नव्हं तुमची. दोरीवालीला वळखत नाय असा पावना तिच्याकडं कशाला जाईल?" असं म्हणून ते स्वतःच हसले. मग आरशातून माझा चेहरा पाहून म्हणाले, "पार्वती एकच हाय वाडीत. सोडतो."

रस्ता संपला तिथून जांभ्याच्या पायऱ्या. चिऱ्यावर शेवाळ. पुण्याच्या दुकानदारानं 'ग्रिप आहे साहेब' म्हणून दिलेले बूट तिसऱ्या पायरीवर उपयोगी पडले नाहीत, आणि मी उरलेल्या पायऱ्या बसून उतरलो. खाली अंगणात एक तरणी बाई भाजी निवडत होती. ती उठून आत ओरडली, "आत्या, कोण तरी पडलाव!"

आतून आवाज आला, "पडलाव तर उठव गो. माझ्याकडं काय बगतेस?"

अशी आमची दुसरी भेट झाली.

काकी आता साठीच्या आत-बाहेर. बारीक, ताठ, हातांचे तळवे मात्र पुरुषासारखे रुंद आणि घट्टे पडलेले. मुलगा मुंबईला, भाजी निवडणारी ती सून, रेश्मा, घरी. रेश्मानं कढत पाणी दिलं, घावनं आणि काळा चहा दिला. मी ओळख सांगितली. काकींनी बराच वेळ पाहिलं.

"त्या गोऱ्या बायबरोबरचा तू? केस कुठं गेले रे तुझे?"

"गेले, काकी."

"आणि ती?"

"त्याही गेल्या. गेल्या थंडीत."

काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "बरी होती बाय," त्या म्हणाल्या. "पोर होतं तिला?"

"नाही."

"तरी रडली माझ्यासाठी."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. प्रवासात पाठ केलेली सगळी वाक्यं विसरलो, आणि जशी आली तशी गोष्ट सांगितली. तुम्ही म्हणालात पऱ्यानं नेलीन. मी ऐकलं परी. पंखवाली. तसंच त्यांना सांगितलं. त्यांनी त्यावर हे पुस्तक लिहिलं. जगभर वाचतात. यात तुम्ही दगडावर दूधभात ठेवता.

रेश्मा आधी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "परी? आत्या, त्या शाळेच्या गॅदरिंगात असतात त्या?"

"हसू नको गो," काकी म्हणाल्या. मग मला, अगदी हळू: "मी कवा ठेवला दूधभात?"

"नाही ठेवलात."

"म्हणजे तिकडं सगळ्यांना वाटतं, पार्वतीला वेड लागलं. पोर पाण्यात गेली आणि ती पऱ्या शोधते."

मी पुस्तक परत पिशवीत ठेवलं.

"आणि साकव?"

"काय?"

"साकवाचं सांगितलंस ना तिला? मी दहादा म्हटलं. साकव घाला म्हणावं. सरकारात लिवा म्हणावं. तुझ्याकडं बगून बगून सांगत व्हते."

मी म्हटलं, "साकव म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, काकी. मी ते सांगितलंच नाही."

ओट्याच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. रेश्मा आता हसत नव्हती. काकींनी माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं.

"ती रडली ना रे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पोचलं."

पऱ्या

घरामागच्या उतारावरून काकी पुढे, मी मागे. बूट ओट्यावर काढून ठेवले होते. अनवाणी चालणं सोपं पडत होतं. पऱ्याचा आवाज आधी आला. मार्चमध्ये याच जागेवरून मी चालत गेलो होतो. तेव्हा इथे काळे गोटे आणि वाळका पाला होता, नोराबाईंनी एका गोट्यावर बसून चपलेतला खडा काढला होता. आता तांबडं पाणी दोन्ही काठांना घासत, झाडाच्या फांद्या ओढत चाललं होतं. जमिनीलगत, सपाट, वेगानं. पत्रातलं वाक्य समोरून वाहत होतं.

वर सिमेंटचा साकव. माणसं जाण्याइतकाच, दोन्हीकडे लोखंडी कठडा. पायी जायचा लहान पूल एवढाच या शब्दाचा अर्थ.

काठावर किंजळाचं जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्यावर, कमरेच्या उंचीला, खोल वळ पडला होता.

"दोरीचा," काकी म्हणाल्या. "सुली गेली त्याच्या पुढल्या पावसापासून. ह्या झाडाला एक टोक, पलीकडं दुसरं झाड होतं त्याला एक टोक. मी पाण्यात मधी उभी. शाळेची पोरं एकेक धरून न्यायची. सकाळी न्यायची, दुपारी आणायची. अकरा पावसाळे."

"एकट्या?"

"आणखी कोण? बापये मुंबईला. एक पण पोर सोडलं नाय मी." त्यांनी तळवे पुढे केले. दोरीवाली या नावाचा अर्थ मला आत्ता कळला.

"मग साकव कसा झाला?"

"शाळेत एक बाय आली बदलून. तिनं फोटू काढला माझा पाण्यातला, आणि पत्र लिवलान वर. एकच पत्र. दोन वर्षांत साकव."

नोराबाई पत्रं लिहिणाऱ्या होत्या. वर्गातल्या एका आचाऱ्याचा परवाना अडकला म्हणून त्यांनी त्यांच्या राज्याच्या गव्हर्नरला चौदा पत्रं लिहिली होती, हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं. त्या ओट्यावर साकव हा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचला असता, तर कादंबरी कदाचित झाली नसती. साकव झाला असता. आणि त्यांनी हात कसा फिरत होता ते विचारलं, मी पऱ्या चालतात असं कळवलं, त्या वर्षीच्या पावसातही ही बाई इथे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली होती. त्यानंतरही पाच पावसाळे उभी राहिली. मी गेलो होतो एक शब्द परत करायला. तो शब्द एवढा जड असेल हे मला ठाऊक नव्हतं.

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो.

"उठ मेल्या," काकी म्हणाल्या. "निसरडं हाय. मगाशी एकदा पडलास तेवढं पुरे."

मग त्या साकवावर मध्यापर्यंत गेल्या आणि मला बोलावलं. खाली पाणी एवढं वाजत होतं की मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"आता तू ते मराठीत लिवणार?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही."

"बायनं कष्ट करून लिवलंय, कशाला फुकट घालवतोस? पण आधी माझं लिव. पयल्या पानावर. माझं झालं की मग तिच्या पऱ्या येऊ देत."

"लिहितो."

"तसा नाय. तू लिवतोस कसा ते म्हायतंय मला. मी सांगते, तू माघारी सांग."

मी मान हलवली. नोराबाईंनीही मला हेच शिकवलं होतं: ऐकलंस की परत म्हणून दाखव. मीच ते कधी केलं नाही.

"माझी पोर सुलोचना," काकी म्हणाल्या.

"माझी पोर सुलोचना."

"सात वर्साची. शाळेतून येत होती. साकव नव्हता."

"सात वर्षांची. शाळेतून येत होती. साकव नव्हता."

त्यांनी कठड्यावरचा हात उचलला आणि पाण्याच्या दिशेनं फिरवला. खाली, सपाट, वेगानं.

"पऱ्यानं नेलीन."

"पऱ्यानं नेली," मी म्हटलं.

"नेली नाय," काकी म्हणाल्या. "शेवटचा न खातोस तू. नेलीन. पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही. पाणी जोरात होतं, कदाचित ऐकू गेलं नसेल. मी आणखी एकदा सांगितलं.